भारीट आणि भाकरी

सासवड मागे पडलं की झाडं विरळ होत होत बाभळीवर येऊन थांबतात आणि पुढे नुसतं पिवळं गवत उरतं. मी महाडकडची. आमच्याकडे दहा पावलं टाकली की वळण येतं, वळणाआड कुणाचं तरी घर, घरामागे फणस. एवढं लांबवर एकदम दिसायची डोळ्यांना सवय नाही. जेजुरीच्या पुढे न राहवून मी भाच्याला विचारलं, “अरे, इथे बघायचं काय?”

“मावशी, तू झाडं शोधतेयस. खाली बघ.”

भाचा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीला पाखरांमागे हिंडतो. कोकणातल्या माणसाला पक्षी म्हटलं की मान वर करायची सवय, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही. आमचा नवरंग, आमचा हळद्या, सगळे पानांआड. आवाज आधी येतो, पक्षी मागाहून दिसतो, नाही तर दिसतही नाही. इथे सगळा कारभार जमिनीवर. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गाडीतून उतरलो तेव्हा समोर ढेकळं होती. त्यातलं एक ढेकूळ चार पावलं चाललं. डोक्यावर तुरा होता म्हणून पक्षी म्हणायचं. हा साइक्सचा चंडोल. कर्नल साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३२ साली त्याची नोंद केली, ती याच दख्खनच्या पठारावरून. भारताबाहेर हा पक्षी सापडत नाही. थोड्या अंतरावर गवताच्या काडीवर एक गप्पीदास बसला होता. काडी वाऱ्याने हलत होती आणि तो शेपटी उडवत तोल सांभाळत होता. हा मात्र पाहुणा, हिमालयापलीकडून आलेला. मूठभर जीव, आणि आला कुठून तर सायबेरियाच्या बाजूने. मी दुर्बीण खाली ठेवून जरा वेळ नुसतीच बघत राहिले.

मयूरेश्वर १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्यात चिंकारा, लांडगा, खोकड आणि हे सगळे चंडोल दाटीवाटीने राहतात. कुंपणाबाहेर एक म्हातारे धनगरबाबा शेळ्या राखत बसले होते. इथल्या माणसाचं बोलणं आमच्यासारखं आडवळणाचं नाही. आमच्याकडे परक्या माणसाला आधी दुरून न्याहाळतात, मग कुणाकडे आलात असं हळूच विचारतात. हे थेट म्हणाले, “कुठलं गाव, बाई?”

“महाडजवळचं.”

“मग आमची मेंढरं वळखत असशीला की! दिवाळी झाली की पोरं वरंधा घाट उतरत्यात. तुमच्या खाचरात बसवत्यात.”

ओळखते तर. लहानपणी थंडीत आमच्या कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसायची. रात्रभर त्यांच्या लेंड्यांचं खत शेतात पडायचं आणि सकाळी वडील धनगराला पायलीने भात मोजून द्यायचे. ती मेंढरं कुठून येतात हे मी कधी विचारलं नव्हतं. तर ती या गवतावरून येत होती. पावसाळ्यात इथलं गवत, हिवाळ्यात आमची खाचरं, वळवाच्या आधी पुन्हा घाट चढून वर. बाबांना मी गप्पीदास दाखवला. त्यांनी मान हलवली. “ह्ये थंडीचं पाखरू. मेंढरं खाली गेली की ह्ये येतंय.”

मग त्यांनी काठीने पलीकडचा माळ दाखवला. तिथे सरळ रेषेत चर खणून ग्लिरिसिडियाची रोपं लावली होती. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. “झाडं लावली म्हणं. आता चारायला बंदी. आणि ह्येचा पाला श्याळी तोंडात धरंना.” खरी गोम इथेच आहे. गवताळ माळाला आपल्या कागदोपत्री ‘पडीक’ म्हणायची रीत इंग्रजांनी घातली. सारा ज्या जमिनीवर बसत नाही ती पडीक, एवढा साधा हिशेब. इंग्रज गेले, शब्द राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात माळरानं दिसतात. पडीक म्हटलं की कुणीही यावं आणि तिचं भलं करावं. कुणी झाडं लावतो, कुणी सौर पट्ट्या. झाड लावणाऱ्याला वाईट कोण म्हणणार? पण चंडोल जमिनीवर घरटं करतो आणि चहूबाजूंनी मोकळं दिसलं तरच त्याला धीर येतो. त्याच्या घरात झाड लावणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं.

इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनखात्याने आता गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे, गावातली मुलं वाटाडे म्हणून सोबत येतात. हे चांगलंच झालं. आमच्याबरोबर आलेला मुलगा गाडीतून लांडग्याची पावलं ओळखत होता. छोट्या पक्ष्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, “ते कुणी विचारत न्हाई, ताई. लोकास्नी लांडगा लागतो.”

भिगवणला फार थांबलो नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी आहेत, होड्या आहेत, कॅमेरे आहेत, आणि काठावरच्या खाणावळीत चिलापीचं झणझणीत कालवण आहे. मासे खाऊन वाढलेल्या माझ्यासारखीला गोड्या पाण्यातला मासा फिकाच लागणार असं वाटलं होतं. मसाल्याने ती कसर भरून काढली. रोहितांचं भाग्य थोर, मोठे आणि गुलाबी असल्यामुळे त्यांना गर्दी मिळते. काठावरच्या चिखलात चालणाऱ्या पिवळ्या धोब्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तोही त्या गप्पीदासाएवढ्याच लांबून आलाय.

पण उजनीचं पाणी सोलापूरकडे निघालं की त्याचं काय होतं हे टेंभुर्णीच्या रस्त्यावर कळतं. उसाच्या ट्रॉल्या. एकामागे एक, दोन-दोन जोडलेल्या, रस्ता अडवून चाललेल्या, आणि ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी. १९८० साली धरण झालं. ११७ टीएमसीचा साठा. ज्या मुलखात माणसं पाण्यासाठी देशोधडीला लागली, त्या मुलखाला पाणी मिळालं तर तो ऊस लावणारच. त्याला नावं ठेवायचा अधिकार तीन हजार मिलिमीटर पावसात वाढलेल्या मला तरी नाही. मात्र उसाच्या फडात दाणा नसतो. कोसभर हिरवंगार दिसतं आणि दाणे खाणाऱ्या पाखराला त्यात काही मिळत नाही, असा तो प्रकार आहे.

सोलापुरात शिरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच चहाच्या गाड्यावर ऐकू येतात, आणि गाडीवाला ज्याला त्याला त्याच्या भाषेत पैसे मागतो. रात्री कडक भाकरी खाल्ली. पापडाएवढी पातळ, मोडली की आवाज येतो, महिनाभर टिकते. सोबत शेंगांची चटणी आणि दही. आमच्याकडे भाकरी तांदळाची, मऊ, गरम खायची. थंड झाली की गुरांना. भाकरी टिकवायची असते हा विचारच आमच्या पाणथळ मुलखाला सुचला नसता. मारुती चितमपल्ली याच गावचे. वनखात्याच्या नोकरीत ते रानोमाळ हिंडले, पक्ष्यांची मराठी नावं वेचून त्यांनी ‘पक्षिकोश’ केला आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच देह ठेवला. भाच्याच्या गाडीत तो कोश असतो. पानं सुटली आहेत.

सकाळी नान्नजला गेलो. १९७२ च्या दुष्काळानंतर बी. एस. कुलकर्णी यांनी इथले माळढोक पक्षी जगाच्या नजरेस आणले आणि १९७९ साली अभयारण्य झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, म्हणजे गावं, बाजारपेठा, एसटी स्टँड सगळं अभयारण्यात. लोक वैतागले. नवल काय? पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आधी अवाच्या सवा घ्यायचं आणि मग सोडून द्यायचं, यात लोकांच्या मनात पाखराबद्दल अढी मात्र बसते. २०२० साली गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचं शुभचिन्ह माळढोक होता. नान्नजच्या मनोऱ्यावर आम्ही सकाळभर बसलो. काळवीट पुष्कळ दिसले. माळढोक दिसला नाही, दिसेल अशी आशाही कुणी दाखवली नाही.

माझा जीव रमला तो मंगळवेढ्यात. दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बादशहाची कोठारं उघडून ज्यांनी भुकेल्यांना धान्य वाटलं, त्यांच्या गावच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मला फार योग्य वाटतं. इथली जमीन काळी, इतकी काळी की ओली असताना बुटाला किलोकिलोने चिकटते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस संपता संपता पेरायचं. पुढे वरून थेंब पडला नाही तरी मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर उभी राहते. आमच्या भाताला गुडघाभर पाणी लागतं आणि तरी त्याचे नखरे. हिचं सगळं उलट.

ज्यांच्या शेतावर गेलो ते नवरा-बायको भाच्याच्या ओळखीतले. बांधावर आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, काळी झाली की काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं. हिरवट, दुधाळ, किंचित गोड दाणे. मला चोळायला जमेना, हात भाजले. त्या घरच्या मावशी हसल्या. “द्या हिकडं. तुम्ही नुसतं खावा.” त्यांच्या हाताला निखारा लागतच नव्हता. “येळवसेच्या सणाला यायला पायजे हुतं,” त्या म्हणाल्या. “भज्जी, आंबील, सगळा गोतावळा रानात जेवतो.” आमच्याकडे पाहुण्याला ओटीवर बसवून जेवायला वाढतात. इथे त्याला थेट पिकात बसवतात.

तेवढ्यात आभाळ आवाज करत खाली आलं. भोरड्या. शेकड्यांनी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि किलबिल इतकी की आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना. शेतकरी दादा उठले आणि माळ्यावर चढले. लाकडाच्या चार खांबांवर बांधलेली मचाण, तिच्यावर पत्र्याचा डबा आणि गोफण. गोफणीचा सटका उडाला तसा अख्खा थवा उचलला गेला, वळला, आणि शंभर पावलांवर त्याच शेतात उतरला. “हिथंच बसत्यात,” दादा वरून ओरडले. “जाणार कुठं?”

भोरड्यांची पैदास मध्य आशियातल्या गवताळ मुलखात. तिथे त्या टोळ खातात आणि पिल्लांना तेच भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोक त्यांच्यासाठी मुद्दाम दगडविटांची घरटी रचतात. २०१८ साली तिथे एका महामार्गाचं काम भोरड्यांची पिल्लं उडेपर्यंत थांबवलं होतं. तिकडे ती शेतकऱ्याची सोबतीण, इकडे चोर. पाखरू तेच. दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “टोळ आमच्याकडं पण खात्यात की. नाकतोडे खात्यात, अळ्या खात्यात. पण कणीस भरलं की दाणा बी खात्यात. दोन्ही खरं हाय.”

मला बघायचा होता तो भारीट. भोरड्या उडाल्यावर भाच्याने माझा दंड दाबला आणि शेताच्या कडेचं एक वाकलेलं कणीस दाखवलं. हळदीत बुडवून काढल्यासारखं पोट, विटकरी पाठ आणि डोक्यावर काळी टोपी. थंडीच्या सुरुवातीला ही टोपी मळकट असते, आता माघात ती काळी होऊ लागली होती. काळ्या डोक्याचा भारीट. मी त्याला जेवताना पाहिलं. कणसातला एक दाणा ओढायचा, जाड चोचीत आडवा धरायचा, जिभेने फिरवत फिरवत दाबायचा. तुसाचा तुकडा चोचीच्या कडेने बाहेर पडायचा आणि दाणा आत. मग पुढचा. घाई नाही. शेजारच्या ताटावर एक मळकट मादी हेच करत होती. दोन दाण्यांमध्ये तो मान वर करून आभाळ बघायचा.

या पक्ष्याचं घर तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरिया, इराण. तिथल्या द्राक्षमळ्यांच्या कडेला, काटेरी झुडपात तो घरटं करतो आणि उंच फांदीवर बसून दिवसभर गातो. उन्हाळा संपला की पूर्वेकडे निघतो. रात्री उडतो, दिवसा पोट भरतो. आणि जगातले जवळजवळ सगळे काळ्या डोक्याचे भारीट हिवाळ्याला येतात ते पश्चिम आणि मध्य भारतात. हे ऐकल्यावर मी भाच्याला पुन्हा विचारून खात्री केली. आफ्रिका नाही, अरबस्तान नाही. आपलीच शेतं. त्यांचं गाणं तिकडच्या लोकांना, आपल्याकडे नुसतं ‘चिप चिप’. पण ते गाण्यासाठी जगतात कुठे, तर ज्वारीच्या या कणसावर.

परतीच्या प्रवासाची तयारीही याच शेतात होते. शास्त्रज्ञ डॉ. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या भारिटांवर काम केलं आहे. दिवस मोठा होऊ लागला की निघायची वेळ आली हे त्याचं अंग त्याला सांगतं. मग भारीट अधाशासारखा खातो, कातडीखाली चरबी साठवतो, पंचविसेक ग्रॅमचं वजन दीडपटीच्या घरात नेतो आणि पिंजऱ्यात असला तरी रात्र रात्र पंख फडफडवत राहतो. मार्च-एप्रिलमध्ये तो निघतो. म्हणजे आपली कापणी आणि त्याचं इंधन भरणं एकाच वेळी येतं. काढणीनंतर रानात सांडलेला सरवा, बांधावरच्या गवताचं बी, हेही त्याला तेवढंच लागतं.

आता दादांचं गाऱ्हाणं. त्यात सगळं आलं. “पूर्वी ह्या वगळीपास्नं त्या वगळीपतोर ज्वारी हुती. सगळी पाखरं सगळ्यात वाटली जायची. एकेकाच्या वाट्याला चार कणसं. कोण मोजतंय? आता ह्येनं ऊस केला, त्येनं डाळिंब केलं. मी एकटा ज्वारीवाला. समदी पाखरं माझ्याच रानात. माझं दहा पोत्यातलं दोन पोतं गेलं तर मी पुढल्या साली ज्वारी करंन का?”

मला वाटतं, पक्षी वाचवण्यावर जेवढं काही बोललं जातं त्यात हे एक वाक्य कुठे नसतं. पाखरं तेवढीच, शेतं कमी. उरलेल्या एका शेतावर सगळा भार, म्हणून ते शेतही जातं, आणि भार त्याच्या शेजारच्यावर. यात कुणीही पाखरांचा वैरी नाही. ना ऊसवाला, ना डाळिंबवाला, ना गोफणवाला. अभयारण्याने हे सुटणार नाही, कारण भारीट अभयारण्यात जेवत नाही, तो शिवारात जेवतो. रात्री मुक्कामाला त्याला बाभळीचं बन हवं, दिवसा शेत आणि माळ. माळ पडीक म्हणून गेला, शेत परवडत नाही म्हणून गेलं, तर तुर्कस्तानातल्या द्राक्षमळ्यात पुढच्या वैशाखात गाणार कोण?

सरकारने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून धूमधडाक्यात साजरं केलं. शहरात ज्वारीचे पास्ते आले, बिस्किटं आली. मी दादांना विचारलं, त्या वर्षी भाव वाढला का? ते म्हणाले, “बिस्कुटाचा वाढला आसंल.” पाखरांनी खाल्लेल्या दाण्याची भरपाई, एका शिवारात दहा-पंधरा जणांनी मिळून ज्वारी करायला थोडा आधार, माळावर झाडं लावण्याआधी तिथे कोण राहतं याची चौकशी, एवढं झालं तरी पुष्कळ. रानडुकराने नासलेल्या पिकाची भरपाई कशी मागायची हे गावागावांत ठाऊक आहे. भारिटाचं नाव त्या अर्जावर लिहिताना मात्र लोक हसतात.

निघताना मावशींनी पिशवीत ज्वारी भरली. पैसे घेईनात. आमच्या महाडकडे असा आग्रह फणसाच्या दिवसांत होतो, त्यामुळे वाद कसा घालायचा हे मला माहीत होतं. शेवटी पैसे माळ्याच्या पायाशी ठेवून आले. दादा वर होते, हातात गोफण. शेताच्या पश्चिमेला बाभळींमध्ये भारीट उतरत होते, थव्याथव्याने.

घरी येऊन महिनाभर ज्वारीची भाकरी केली. थापायला अजून नीट येत नाही, कडेला चिरते. पण चव निराळी. तुम्हीही फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीच्या वेळी थेट शेतकऱ्याकडून पोतंभर मालदांडी घ्या. आणि तो म्हणाला की यंदा पाखरांनी खाल्ली म्हणून कमी आहे, म्हणून भाव जास्त आहे, तर घासाघीस करू नका. ते पैसे भारिटाच्या खात्यावर गेले असं समजा.